मुलांना विश्वास कुणी शिकवायचा?

बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप मंडळीसमोर उभे राहतात आणि वचन देतात की या लेकराला आम्ही ख्रिस्ती विश्वासात वाढवू. प्रॉटेस्टंट घर असो की कॅथलिक, शब्द थोडे वेगळे, वचन तेच. मूल चार-पाच वर्षांचं झालं की ते वचन हळूहळू दुसऱ्यांच्या हाती जातं. संडे स्कूलच्या बाई, कॅटेकिझम घेणाऱ्या सिस्टर, कॉन्व्हेंट शाळा, मे महिन्यातलं व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल), गावाकडची आजी आणि अलीकडे मोबाइलवरची बायबलची कार्टून. यात गैर काय, असं विचारणारे भेटतात. सगळं इथेच बिघडलं, असं म्हणणारेही भेटतात. दोन्ही बाजूंची मतं मराठी ख्रिस्ती घरांमधून मी पुष्कळ ऐकली आहेत. ती इथे एक आत्या आणि तिचा भाचा यांच्या तोंडी घातली आहेत. माणसं रचलेली आहेत, मतं रचलेली नाहीत.

आत्या अहिल्यानगरची, तिच्या बोलण्यात अजून नगरच. मिशनच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली, पण संडे स्कूलचा वर्ग सोडलेला नाही. भाचा पुण्यात कंपनीत आहे, बायकोही नोकरी करते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. सुटीत सगळे नगरला आले आहेत. रविवारची उपासना झाली, जेवणं आटोपली, मुलं आतल्या खोलीत गेली.

भाचा : आत्या, सकाळी वर्गात तू पोरीला काय विचारलंस? जेवताना एक शब्द बोलली नाही.

आत्या : तिला एकटीला नाही, सगळ्यांनाच विचारलं. घरी प्रार्थना कोण करतं? ती म्हणाली, मी करते. मग पप्पा काय करतात? तर म्हणाली, पप्पा शेवटी आमेन म्हणतात.

भाचा : खरंच आहे ते. तिला माझ्यापेक्षा चांगली प्रार्थना येते. पुण्याच्या संडे स्कूलमध्येच शिकली. म्हणजे संडे स्कूलने आपलं काम केलं. यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?

आत्या : तिला वाईट वाटलं ना पण. बाकीची मुलं हसली नाहीत, मी रागावले नाही. तरी सांगून झाल्यावर तिने मान खाली घातली.

भाचा : आत्या, स्पष्ट बोलू? स्थिरीकरणानंतर मी पवित्र शास्त्र नीट उघडलेलं नाही. मध्ये तिने विचारलं, देवानेच फारोचं मन कठीण केलं, तर फारोची चूक काय? मी काय सांगणार? गणित अडलं तेव्हा मी तिला क्लास लावला, स्वतः काहीबाही शिकवत बसलो नाही. ज्याला येतं त्याने शिकवावं. मी तिला वेळेवर नेऊन सोडतो, फी नाही तरी दान देतो, नाताळच्या कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसतो. माझी जबाबदारी मी टाळतोय असं मला वाटत नाही.

आत्या : फारोचं मलाही पुरतं सांगता येत नाही, इतकी वर्षं शिकवून. मी मुलांना म्हणते, मला कळलंय ते एवढं, पुढचं घरी विचारा. आणि तू म्हणतोस, घरी विचारायला कुणी नाही. गणिताच्या बाईंनी शिकवलेलं खरं की खोटं हे पोरगी वहीत ताडून बघते. मी शिकवलेलं ती कुठे ताडून बघणार? तुझ्यात आणि तिच्या आईत. वर्षाचे बावन्न रविवार. सुट्ट्या, परीक्षा, नाताळच्या तालमी वजा केल्या तर चाळीसेक तास उरतात. त्या तासांत आम्ही सांगतो की ख्रिस्त क्षमा करायला सांगतो. बाकीचं वर्ष ती बघते की पप्पा आणि मोठे काका वाटणीवरून एकमेकांशी बोलत नाहीत.

भाचा : तो विषय वेगळा आहे.

आत्या : तुझ्यासाठी. तिच्यासाठी तो योसेफ आणि त्याच्या भावांचाच धडा आहे.

आत्याचं हे बोलणं कठोर वाटेल, पण त्याच्यामागे फार जुनी आज्ञा उभी आहे. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात इस्राएलाला देवाच्या आज्ञा मुलांना शिकवायला सांगितलं आहे. कुठे शिकवायच्या तेही सांगितलं आहे: घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. तिथे सभामंडपाचा उल्लेख नाही, याजकाचाही नाही. सगळ्या जागा आईबापांच्या आहेत. पुढे त्याच अध्यायात म्हटलं आहे की मुलगा विचारेल, या आज्ञांचा अर्थ काय, तेव्हा त्याला आपली मिसर देशातल्या गुलामीची हकिगत सांगा. बापाला तिथे सिद्धान्त मांडायचा नाही, घरावर काय गुदरलं आणि त्यातून कुणी सोडवलं एवढं सांगायचं आहे. ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्या बापाने हा भाग वाचावा असं मला मनापासून वाटतं.

भाचा : मग संडे स्कूल काढलंच कशाला? बंद करून टाका.

आत्या : कशासाठी काढलं ते ऐक. इंग्लंडात ग्लॉस्टर नावाचं गाव आहे. तिथे रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये रविवारच्या शाळेला जोर दिला. टाचण्यांच्या कारखान्यांत आठवडाभर राबणारी पोरं रविवारी रस्त्यात मोकाट फिरायची. त्यांना अक्षरओळख व्हावी, शास्त्र वाचता यावं, म्हणून ती शाळा. ज्यांना घरी कुणी वाचून दाखवणारं नव्हतं त्यांच्यासाठी. विश्वासू घरांनी आपलं काम उतरवून ठेवावं म्हणून नव्हे.

भाचा : आई, बाप दोघं कामावर, पोरं मोकळी. म्हणजे आमच्यासाठीच की! हिंजवडीतून घरी पोचेपर्यंत साडेआठ-नऊ होतात. तिची आई त्याच्याही नंतर येते. टाचण्यांच्या कारखान्याऐवजी लॅपटॉप, एवढाच फरक.

आत्या : दमतोस हे मला दिसतं, मी ते नाकारत नाही. पण त्या पोरांच्या आईबापांना वाचता येत नव्हतं. तुला येतं. आणि ल्यूथर वाचलास तर आणखी अवघड जाईल. १५२९ मध्ये त्याने लहान प्रश्नोत्तरी लिहिली, तीच ती, तुमच्या स्थिरीकरणाच्या वर्गात पाळकसाहेब जिच्या धर्तीवर घोकून घ्यायचे. तिच्या बहुतेक भागांच्या डोक्यावर लिहिलंय की हे कुटुंबप्रमुखाने आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावं. सॅक्सनीतल्या मंडळ्या फिरून बघितल्या तेव्हा लोकांना प्रभूची प्रार्थनासुद्धा येत नव्हती, म्हणून त्याने ती लिहिली. पुस्तक घरासाठी होतं. आपण ते देवळात नेऊन ठेवलं.

भाचा : कॅथलिकांकडे तरी बरं. त्यांच्याकडे फादर आहेत, सिस्टर आहेत, सगळी व्यवस्था आहे.

आत्या : त्यांच्याकडेही तेच सांगितलंय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणाविषयी जाहीरनामा काढला, त्यात आईबाप हे मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत असं स्पष्ट म्हटलंय. १९८३ च्या त्यांच्या चर्चच्या कायद्यातही आईबापांवरचं हे बंधन लिहून ठेवलंय. वसईच्या एका बाईंशी माझं बोलणं झालं. पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी घेतात त्या. म्हणाल्या, मुलं वर्षभर येतात, ख्रिस्तप्रसाद झाला, फोटो निघाले की पुढच्या रविवारपासून निम्मी दिसत नाहीत. आईबापांच्या लेखी शिक्षण संपलं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भाच्याने जे काढलं ते या सगळ्या वादाच्या मुळाशी असतं आणि फार थोडी माणसं ते उघड बोलतात.

भाचा : आत्या, तू दादांची बहीण आहेस म्हणून बोलू की नको असं होतं. पण तुला माहीत आहे. दादांनी रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना घेतली. एक दिवस चुकवला नाही. आणि वचन पाठ झालं नाही तर ताटावरून उठवलं. तेविसावं स्तोत्र मला आजही म्हणता येत नाही, घसा आवळतो. घरी शिकवणं म्हणजे माझ्यासाठी ते. रविवारची शाळा मला आवडायची, कारण तिथे दादा नव्हते. मी मुलांना बाहेर पाठवतो ते आळसाने नाही. माझ्या हातून तसं होऊ नये म्हणून.

आत्या : माझा भाऊ कडक होता. देवाला घाबरायचा आणि ती भीती तुमच्यावर काढायचा. मी तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही. पण पौल इफिसकरांना लिहितो ते एकाच वाक्यात दोन गोष्टी सांगतं बघ. बापांना म्हणतो, मुलांना चिडीस आणू नका, आणि लगेच म्हणतो, त्यांना प्रभूच्या शिस्तीत वाढवा. दादाने अर्धंच ऐकलं. तूही अर्धंच ऐकतोयस, दुसरं अर्धं.

भाचा : आणि पूर्ण ऐकायचं कुणाकडून शिकायचं? मी तसं घर बघितलेलंच नाही.

माझ्या मते हा प्रश्न संडे स्कूलच्या शिक्षकांच्या सभेत कधी येत नाही आणि यायला हवा. जे बाप मागे राहतात त्यांतले पुष्कळसे निष्काळजी नसतात. कुणाला आपल्याच बापाची आठवण सोसत नाही. कुणाला आपली श्रद्धा पातळ झाल्याची लाज वाटते. एखादी आई लग्न करून ख्रिस्ती घरात आलेली असते. सासूसमोर चुकीचं बोलले तर, या धास्तीने ती गप्प राहते. ‘तुम्ही जबाबदार आहात’ असं व्यासपीठावरून सांगून अशांचा संकोच जात नाही. त्यांना कुणीतरी हात धरून शिकवावं लागतं.

भाचा : आणखी एक सांगतो. आईबापांवर सोडलं तर ते काय काय शिकवतील याचा विचार केलास? आमच्या सोसायटीतल्या एका घरात मुलाला आजार झाला, तर आईबाप त्याला सांगायचे, तुझ्या विश्वासात कमी आहे. मोबाइलवर कुणा प्रचारकाचं ऐकून औषध बंद करायला निघाले होते. त्याच्या संडे स्कूलच्या बाईंनी घरी जाऊन डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे आईबाप चुकले होते आणि मंडळी बरोबर होती.

आत्या : ते मला मान्य. घर एकटं पडलं की वेडंवाकडं शिकवतं. म्हणून मंडळी हवी. तुझ्या बाजूने आणखी एक देते, घे. एली आणि शमुवेल. हन्नाने दूध सुटलेलं लेकरू शिलोला नेऊन एलीच्या हाती दिलं. एलीची स्वतःची मुलं, हफनी आणि फिनहास, वाया गेलेली. स्वतःच्या घरात हरलेल्या माणसाच्या हाताखाली शमुवेल घडला.

भाचा : बघ! म्हणजे दुसऱ्याच्या हाती दिलेलं मूल संदेष्टा झालं आणि बापाच्या हाती राहिलेली दोन बिघडली.

आत्या : पण हन्ना दर वर्षी जायची. हाताने शिवलेला लहान झगा घेऊन. वाढणाऱ्या पोराचं माप तिला ठाऊक होतं. एलीचा दोष काय सांगितलाय? मुलं काय करतात हे त्याच्या कानावर येत होतं, तरी त्याने त्यांना आवरलं नाही. पोटचं की सोपवलेलं, एवढ्यावर निकाल लागत नाही. लक्ष कुणी ठेवलं ते बघ.

भाचा : बरं, येशूचं काय? बारा वर्षांचा असताना यरुशलेमेत मागे राहिला. योसेफ-मरीयेला वाटलं, सोबतच्या मंडळींत असेल. एक दिवसाची वाट चालून गेले, मग शोधाशोध. सापडला कुठे? मंदिरात, गुरुजनांमध्ये. म्हणजे गुरूंकडेच तर होता!

आत्या : होता. पण त्या दोघांनी काय केलं ते वाच. चांगल्या ठिकाणीच असेल म्हणून घरी गेले नाहीत. परत फिरले, तीन दिवसांनी सापडेपर्यंत शोधलं, आणि मरीयेने तोंडावर विचारलं की असं का केलंस. मग तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. सोबतच्या मंडळींत असेल, ही समजूत आपल्या सगळ्यांची आहे रे. शाळेत सांगत असतील, चर्चमध्ये सांगत असतील, आजी सांगत असेल.

यावर भाच्याने पंडिता रमाबाईंचं नाव काढलं. त्याचा रोख वेगळा होता, पण रमाबाईंची गोष्ट या विषयावर मराठी माणसाला जितकं शिकवते तितकं दुसरं काही शिकवत नाही. म्हणून इथे जरा थांबतो.

भाचा : रमाबाईंनी तर आपल्या मुलीला, मनोरमेला, परदेशात, दुसऱ्यांकडे ठेवलं. आणि पुढे स्वतः शेकडो परक्या मुली सांभाळल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या ज्या मुली होत्या, त्यांना आईबाप कुठे होते? त्यांना विश्वास कुणी शिकवला? रमाबाईंनी आणि तिथल्या बायांनी. तुझ्या हिशेबाने ते उसनंच शिक्षण.

आत्या : मुक्तीच्या मुलींबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. ज्याला आईबाप नाहीत त्याचे आईबाप मंडळीने व्हावं. पण मनोरमेचं पुरतं सांग. १८८३ मध्ये रमाबाई लहानग्या मनोला घेऊन इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या सिस्टरांकडे राहिल्या, तिथेच सप्टेंबरात दोघींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या कॉलेजात गेल्या आणि मनोचा बराच काळ सिस्टरांकडे गेला. सिस्टर जेराल्डिनवर माय-लेकींचा इतका जीव की रमाबाई पत्रात त्यांना ‘आजीबाई’ म्हणायच्या. आता याहून चांगली जागा कुठली? विश्वासू, शिकलेली, प्रेमळ माणसं. तरी मनोला धर्माचं काय शिकवायचं यावरून त्याच आजीबाईंशी रमाबाईंनी पत्रांतून वाद घातला. त्रैक्याचं तत्त्व, चर्चचा अधिकार, यांतलं पुष्कळ त्यांना स्वतःला तेव्हा पटलेलं नव्हतं. आईला न पटलेलं मुलीच्या तोंडी घालायचं नाही, असा त्यांचा आग्रह.

भाचा : म्हणजे त्या चुकत होत्या आणि सिस्टर बरोबर. त्रैक्य तर तूही शिकवतेस.

आत्या : शिकवते. सिद्धान्तात मी सिस्टरांच्या बाजूची. तरी त्या वादात मला आई मोठी वाटते. परदेशात, दुसऱ्यांच्या आधारावर राहणारी, नवऱ्यामागे एकटी राहिलेली बाई. मिंधेपणापोटी गप्प बसणं किती सोपं होतं. पण माझ्या मुलीला तुम्ही काय सांगता, हे तिने विचारलं. मतभेद झाला म्हणून माया तोडली नाही. पुढे अमेरिकेला गेल्यावरही तिथून मनोला पुन्हा वाँटेजलाच पाठवलं. सोपवलं, पण डोळे उघडे ठेवून. आणि हे तिला कुणी शिकवलं? तिची आई लक्ष्मीबाई डोंगरे हिने. वडील अनंतशास्त्री थकले तेव्हा तिनेच रमाला पहाटे उठवून संस्कृत शिकवलं. रमाबाईंनी आपलं ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक आईच्याच स्मृतीला वाहिलं.

भाचा : मग रमाबाईंच्या शाळेचं, शारदा सदनाचं पण सांग. तिथे रमाबाईच दुसऱ्या बाजूला होत्या. लोकांनी मुली त्यांच्या भरवशावर ठेवल्या, धर्मात ढवळाढवळ होणार नाही असं ठरलेलं होतं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्या मंडळीत ही गोष्ट रमाबाईंच्या छळाची म्हणून सांगतात.

आत्या : रमाबाई म्हणायच्या, मी कुणाला बोलावलं नाही, माझ्या खोलीचं दार उघडं होतं. मी त्यावर विश्वास ठेवते. पण त्या पालकांना मी दोष देत नाही. मुलगी दुसऱ्याच्या घरी ठेवली म्हणून ती काय शिकते हे विचारायचा हक्क गेला नाही, हे रमाबाईंनी आजीबाईंना सांगितलं होतं. तेच त्या पालकांनी रमाबाईंना सांगितलं. हक्क मला आहे आणि त्यांना नाही, असं ख्रिस्ती माणसाला म्हणता येणार नाही.

आत्याचं हे उत्तर मला पूर्ण पटतं. आपल्या राज्यघटनेतही तेच आहे. अनुच्छेद २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायला लावायचं तर पालकाची संमती लागते. हे कलम आपण नेहमी इतरांच्या मुलांच्या संदर्भात वाचतो, मिशनच्या शाळांवर आरोप झाला की. पण ख्रिस्ती मुलाच्या पालकालाही तेवढाच अधिकार आहे आणि अधिकाराबरोबर कामही. कॉन्व्हेंटमध्ये ख्रिस्ती मुलांना वेगळं बसवून कॅटेकिझम होतं, बाकीच्यांना मूल्यशिक्षण. त्या तासाला कोणतं पुस्तक आहे, कोण शिकवतं, हे किती ख्रिस्ती पालकांना माहीत असतं? प्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला मात्र आपण वेळेवर नेतो.

भाचा : समजा मी विचारायला गेलो. आमच्या पुण्याच्या बाईंना राग आला तर? लगेच बोलतील, शिक्षकांवर विश्वास नाही.

आत्या : ज्या शिक्षकाला राग येतो त्याच्याकडे जास्त जा. मी तर म्हणते, वर्गाचं दार उघडं असावं, कुणाही आईबापाने कधीही येऊन मागे बसावं. मुलांबरोबर बंद खोलीत एकटं कुणी असू नये, मग तो पाळक असो, सिस्टर असो की आमच्यासारखी म्हातारी. लेकरांवर अत्याचार झाले, त्यांत ओळखीची, भरवशाची माणसं किती निघाली! पोक्सो कायदा २०१२ मध्ये आला. अत्याचार कळला तर पोलिसांना कळवणं हे त्या कायद्याने बंधन आहे, झाकून ठेवणं गुन्हा. देवाच्या घरात असं होणार नाही म्हणून न विचारणं, हा विश्वास नव्हे.

भाचा : हे पटलं. यावर वाद नाही.

आत्या : मग उरलं काय?

भाचा : उरलं हे, की शिकवणारा मी नाही. लक्ष ठेवीन, विचारीन, बाईंना भेटेन. पण घरी पुस्तक घेऊन बसवायचं म्हटलं की मला दादा दिसतात. आणि समज, बाप विश्वासातच नसेल तर? तीमथ्याचा बाप ग्रीक होता. त्याच्या श्रद्धेबद्दल पौल कुणाचं नाव घेतो? आजी लोईस आणि आई युनीके. बापाशिवाय झालंच ना सगळं?

आत्या : झालं. एकाने केलं तरी होतं, आजीने केलं तरी होतं, देव अडून बसत नाही. पण युनीकेने असं म्हटलं नाही की पौल येईल आणि शिकवील. पौल आला तेव्हा पोरगा लहानपणापासून शास्त्र शिकलेला होता. आणि तुला पुस्तक घेऊन बसव म्हणतंय कोण? फ्रान्सिस झेवियर गोव्यात आला १५४२ मध्ये. रस्त्याने घंटा वाजवत पोरांना गोळा करायचा. पुढे दक्षिणेच्या किनाऱ्यावर तो पोरांना सांगायचा की इथे शिकलात ते घरी जाऊन आईबापांना शिकवा. आईबापांना काहीच येत नव्हतं, तरी ते पोराच्या तोंडून ऐकत होते. तुला येत नाही ना? मग तिला विचार. आज काय शिकलीस? तिला शिकवू दे तुला. तुला शंका आली तर शंका सांग. तुला क्षमा करायला जड जातं हे सांग. काकांचं सांग.

भाचा : काकांचं?

आत्या : तिला माहीत आहे सगळं. तू बोलत नाहीस एवढंच तिला कळत नाही.

भाचा : आणि ती म्हणाली, पप्पा, तुम्ही काकांना फोन करा?

आत्या : म्हणेल. मग ठरव.

भाच्याने पुढे वाद घातला नाही, पण मान्य केलं असंही म्हणाला नाही. आत्यानेही ताणलं नाही. त्याचं एक म्हणणं शेवटपर्यंत उभं राहतं आणि ते मी झाकणार नाही: सगळ्या आईबापांना सगळं येणार नाही, आणि न येणाऱ्याने अर्धवट शिकवण्यापेक्षा जाणत्याकडे पाठवावं. शास्त्राचा इतिहास, कठीण उतारे, इतर धर्मांशी वागायची रीत, यासाठी तयार शिक्षक हवेतच. पण मुलाला शिकवायला दुसरा माणूस मिळतो. त्या मुलाबद्दल देवाला आणि मंडळीला उत्तर द्यायला दुसरा मिळत नाही. ते उत्तर बाप्तिस्म्याच्या दिवशी ज्यांनी वचन दिलं त्यांच्याकडूनच मागितलं जाणार. मला या वादात आत्याची बाजू खरी वाटते आणि भाच्याचं दुःख खरं वाटतं. दुःखाकडे न बघता नुसती बाजू मांडत राहिलो तर भाच्यासारखे बाप देवळाच्या दारापर्यंतच येत राहतील.

म्हणून माझं मागणं आधी मंडळ्यांकडे आहे. पास्टरेट कमिट्यांनी, पॅरिशच्या धर्मशिक्षण मंडळांनी वर्षाच्या सुरुवातीला पालकांची सभा घ्यावी आणि वर्षभराचे धडे त्यांच्या हाती लिहून द्यावेत. स्थिरीकरणाच्या किंवा पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत निदान काही तास आईबापांचे असावेत, मुलांना बाजूला बसवून. ज्यांना घरच्या प्रार्थनेची भीती बसली आहे त्यांच्याशी पाळकांनी, फादरांनी घरी जाऊन बोलावं, सभेत नको. शिक्षकांनी वर्गाचं दार उघडं ठेवावं.

आणि पालकांना एवढंच: जूनमध्ये वर्ग पुन्हा भरतील. मुलाला फाटकाशी सोडून गाडी वळवण्याआधी आत या, बाईंना भेटा, यंदा काय शिकवणार आहात ते विचारा, आणि परतीच्या वाटेवर तेच मुलाला विचारा.